मेलेल्यानं हसायचं असतं

१

विहिरीवरच्या मोटरच्या खोलीत अनंत पालथा पडला होता आणि मी त्याच्या खांद्याला धरून त्याला गदागदा हलवत होते. म्हटलं, लेखक माणूस, लिहितालिहिता डोळा लागला असेल.

"ऊठ गा," मी म्हटलं. "तिकडे तुह्या सरदाराची अंत्ययात्रा आटोपली, अन तू इथं झोपून राहिला काय?"

माझा हात लाल झाला. खरं सांगते, आधी मला रागच आला. आठवडाभर आमच्या संत्र्याच्या बागेत लढाईचं शूटिंग चाललं होतं आणि जिकडे हात लावावा तिकडे तो खोट्या रक्ताचा लाल पाक चिकटायचा. पण त्याला गोडसर वास यायचा. याला येत नव्हता. अनंतच्या डोक्याजवळ माझ्या भावाचा पाईप पाना पडला होता, तोही लाल. मी ओरडले की नाही मला आठवत नाही. लोक सांगतात, टेकडीवरचे घोडे बुजले इतकी ओरडले.

आता मी कोण ते सांगते. मी गोपिका. नागपुरात नाटकं करता करता केस पिकले, आता मालिकावाल्यांना वऱ्हाडी बोलायला शिकवते. नागपूरकर भोसल्यांची फौज सीताबर्डीच्या टेकडीवर इंग्रजांशी लढली, त्या लढाईवरची ही मालिका, अनंतनं लिहिलेली. आजच्या सीताबर्डीत मेट्रो धावते आणि फुटपाथवर मोबाइलची कव्हरं विकायला बसतात, तिथं तोफा कुठे लावता? म्हणून नरखेड तालुक्यातली आमची बाग मीच दिग्दर्शिकेला दाखवली. बागेमागे टेकडी आहे, विहीर आहे, आणि माझा धाकटा भाऊ रुपराव शब्दाचा पक्का आहे. मारे मिरवत आणलं सगळ्यांना. माझीच हौस मला नडली.

कारण मालिका सुरू झाल्यावर कळलं की तिच्यात दोन सरदार आहेत. एक हैबतराव, शूर, देखणा, प्राण देणारा. दुसरा सुभानजी, इंग्रजांना फितूर होऊन ऐन लढाईत आपल्याच फौजेचा दारूगोळा भिजवणारा. आणि सुभानजी हे आमच्या मूळपुरुषाचं नाव. आमच्या घरात पितृपक्षात अजून त्यांच्या नावानं पान ठेवतात. अनंतनं ते नाव म्हणे गावातल्या कुणाकडून तरी ऐकलं, त्याला ते फितुराला शोभेलसं वाटलं आणि त्यानं लावून दिलं. तो भाग टीव्हीवर लागला, झालं! पानठेल्यावर टवाळ लोक रुपरावला 'दारूभिजवे' म्हणू लागले. मग एक दिवस अख्ख्या युनिटसमोर रुपराव अनंतला म्हणाला, "नाव बदलव, नाही तं तुले या विहिरीत घालतो." शंभर माणसांनी ते ऐकलं होतं.

त्यामुळे पोलिसांना फार शोधावं लागलं नाही. पाना रुपरावचा, खोली रुपरावची, धमकी रुपरावची. जीपमध्ये बसताना तो माझ्याकडे पाहून म्हणाला, "ताई, अनंतभाऊचं अन माह्यं भांडण उरलंच नव्हतं. आज सकाळीच मिटलं. ते मले म्हणे, तुमचं बरोबर होतं."

सख्खी बहीण मी, पण माझ्या मनात आलंच, की हे म्हणणारा तर मरून पडलाय. आता याच्यावर विश्वास कोण ठेवणार?

२

निरीक्षक सरिता गजभिये बाई बुटक्या, आवाज खणखणीत, तोंडात सदा बडीशेप. बागेतल्या युनिटच्या कनातबंद मांडवात खुर्ची टाकून बसल्या आणि मला म्हणाल्या, "ताई, हे सिनेमाचं काम मले समजत नाही. तुम्ही बाजूले बसा, मी विचारलं की सांगत जा. पण भावासाठी रडू नका. रडलं तरी उद्या त्याले कोर्टात उभा करणारच आहो मी."

मी पदरानं तोंड पुसलं आणि बसले.

खुनाची वेळ तर माझ्यामुळेच पक्की झाली होती. हैबतरावांच्या अंत्ययात्रेचा लांबचा शॉट सुरू व्हायचा होता तेव्हा मी अनंतला चहा दिला. मोटरच्या खोलीत गारवा असायचा म्हणून तो तिथं लिहीत बसे. त्यानं कप घेतला, "तुमच्या भावाला माझा नमस्कार सांगा" म्हणाला, हसला. शॉट संपला, एका वाक्याबद्दल विचारायला मी पुन्हा गेले, तर तो असा पडलेला. म्हणजे जे झालं ते अंत्ययात्रा चालली होती तेवढ्यात झालं. आणि तेव्हा सगळं गाव, सगळं युनिट एक तर कॅमेऱ्यापुढे, नाही तर कॅमेऱ्यामागे होतं. नव्हता तो एकटा रुपराव. त्याला ती अंत्ययात्रा डोळ्यांसमोर नको होती. बागेच्या पलीकडच्या टोकाला तो एकटा झाडांना आळी करत बसला होता, म्हणे.

पहिली आली दिग्दर्शिका सोनिका. रडून डोळे सुजलेले, तरी फोन हातातून सुटत नव्हता. अनंतशी तिचंही वाजलं होतं, हे तिनं लपवलं नाही. पुढच्या भागांची पानं तो देत नव्हता. कथा फिरवतोय, आज पॅकअपनंतर सांगतो, चॅनेलवाले उड्या मारतील, असं म्हणायचा. काय फिरवतोय ते मात्र त्यानं तिला सांगितलं नाही. शॉट चालू असताना ती मॉनिटरसमोरून हललीच नाही, हे वीस जणांनी सांगितलं.

कॅमेरामन हर्षित तर कॅमेऱ्यालाच चिकटलेला होता.

मग आला प्रीतम, म्हणजे आमचे हैबतराव. पोरगा जन्मला सीताबर्डीत, वाढला मुंबईत. त्याच्या तोंडी वऱ्हाडी बसवता बसवता माझा घसा बसला होता. पण मालिका लागली आणि त्याचं नशीब उघडलं. बाया त्याला ओवाळायच्या, म्हातारे 'राजे' म्हणून त्याचे पाय धरायचे, आणि एका पक्षानं येत्या निवडणुकीत त्याला तिकीट कबूल केलं होतं. तो आत आला तसा दारावरचा शिपाईसुद्धा नकळत वाकला.

प्रीतम खूप शांत होता. अनंतबद्दल बोलताना त्याचा आवाज दाटला. त्यानं रुपरावची बाजूही घेतली, की माणूस रागीट आहे पण मनाचा वाईट नाही, त्याला फार त्रास देऊ नका. मला तेव्हा त्याच्याबद्दल इतकं भरून आलं म्हणून सांगू!

सरिताबाईंनी विचारलं, शॉटच्या वेळी तुम्ही कुठे होता?

"मी तर मेलेलो होतो, मॅडम," तो म्हणाला. "तिरडीवर. सगळ्यांच्या खांद्यावर."

तो गेल्यावर बाईंनी बडीशेपेची चिमूट तोंडात टाकली. "पाहा ताई, सगळ्या गावाची नजर ज्याच्यावर होती असा हा एक. अन कोणाचीच नजर ज्याच्यावर नव्हती असा एक तुमचा भाऊ. आता तुम्हीच सांगा, मी काय करू?"

 

३

जाण्याआधी एक सोपस्कार म्हणून बाईंनी हर्षितला दिवसभराचं चित्रीकरण दाखवायला सांगितलं. सावल्या लांबल्या होत्या. आम्ही तिघं मांडवात त्या छोट्या पडद्यापुढे बसलो.

आधी प्रीतमचा चेहरा जवळून, छातीवर ती लाल जखम, डोळे मिटलेले. मग बायकांचं रडणं. मग कॅमेरा टेकडीवर चढवायचा होता म्हणून मधे बराच खोळंबा. तेवढा वेळ तिरडी मांडवात ठेवली होती, हे हर्षितनं सांगितलं. प्रीतमनं सगळ्यांना बाहेर काढलं होतं, मला या भावातून बाहेर यायचं नाही, कोणी आत येऊ नका म्हणून. त्याच्या या सवयीचं आम्हाला कोण कौतुक! मग तोंडावरून शेला ओढलेली तिरडी मांडवातून निघाली, संत्र्याच्या झाडांमधून टेकडीकडे गेली, तिला वळसा घालून परत मांडवात आली. शॉट संपला.

आणि पुढच्याच तुकड्यात प्रीतम तिरडीवर बसून कॅमेऱ्याकडे बघत खदाखदा हसत होता.

सरिताबाई दचकल्या. "हे काय वं बाई? मयतीत हसून राहिला हा?"

मला त्याही परिस्थितीत त्यांना समजावून सांगावं लागलं. आमच्या धंद्यात ही जुनी रीत आहे. जो कोणी मेल्याचं काम करतो, त्यानं उठल्यावर कॅमेऱ्यासमोर हसायचं. नाही तर अपशकुन. खोटं मरण अंगाला चिकटतं, म्हणतात. त्या आठवड्यात लढाईत गावचे किती तरी लोक पडले होते, हर्षितनं रोज संध्याकाळी त्यांना ओळीनं बसवून हसवलं होतं. युनिटवाल्यांपेक्षा गावकऱ्यांनीच ती रीत जास्त धरली. एक जण न हसता घरी गेला तर त्याच्या बायकोनं त्याला उंबऱ्यावरूनच परत पाठवलं. आधी हसून या, मग भाकर देते म्हणाली.

बाई पहिल्यांदाच थोडं हसल्या. हर्षित बंद करणार तेवढ्यात पडद्यावर आणखी एक तुकडा आला. शिपायाच्या वेषातला धोंडबा. आमच्याच गावचा, मजुरी करणारा, अंगापिंडानं प्रीतमसारखा उंचापुरा. तो कॅमेऱ्यापुढे उभा होता आणि दात काढून हसत होता. म्हणजे तोंड हसत होतं. डोळे भ्यालेले होते.

"हा मागेच लागला होता," हर्षित म्हणाला. "दादा, माझंही घ्या, माझंही घ्या. दोन सेकंदांचं काम, घेतलं."

सरिताबाईंचं बडीशेप चावणं थांबलं. "आज मेलं कोण कोण होतं?"

"आज? आज एकटे हैबतराव," मी म्हटलं. "बाकी सारे रडणारे."

"जो मेला तोच हसते ना ताई?"

"हो."

"मंग हा काहून हसून राहिला?"

मी पडद्याकडे पाहिलं, मग बाईंकडे.

४

धोंडबा घराच्या ओट्यावर बसला होता. त्याच्या पुढ्यातलं ताट तसंच होतं. सरिताबाईंनी त्याला दरडावलं नाही, काही नाही. त्याच्या शेजारी ओट्यावर टेकल्या आणि कामधंद्याचं विचारावं तसं विचारलं, "धोंडबा, तिरडीवर ऊन लागलं काय गा?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मग त्याला रडूच फुटलं.

त्यानं सांगितलं ते असं. कॅमेरा टेकडीवर चढवत होते तेव्हा प्रीतमनं त्याला मागच्या बाजूनं मांडवात बोलावलं. म्हणाला, मला उन्हानं भोवळ येतेय, आता तोंडावर शेलाच आहे, माझ्या जागी तू पड. सोनिका मॅडमला कळलं तर सगळ्यांसमोर माझा पाणउतारा करतील, म्हणून कोणाला बोलू नको. पुढच्या भागात तुला बोलायला वाक्य देतो. धोंडबा पडला. शेल्याखाली त्याचा जीव अर्धा झाला, कारण बाहेर त्याच्याच गावच्या बाया त्याच्यासाठी ऊर बडवत होत्या. तिरडी मांडवात ठेवून खांदेकरी बाहेर गेले, तेव्हा आत लपलेला प्रीतम पुढे आला, धापा टाकत. उलटी झाली म्हणाला. मग तो तिरडीवर बसला आणि धोंडबा मागनं निघाला. पण तो हसलाच नव्हता. खोटं मरण अंगावर घेऊन लेकराबाळांत कसं जायचं? म्हणून तो हर्षितच्या मागे लागला.

"अन अनंतभाऊ मेला हे कळल्यावर? तेव्हा काहून बोलला नाही?" मी विचारलं. माझा आवाज चढला होता.

"राजे होते ते, ताई," धोंडबा म्हणाला. "राजा असं करते, हे मनात कसं आणू मी?" मग त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "मी त्याच्यासाठी मेलो. अन त्यानं तिकडं माणूस मारला."

मी तिथंच ओट्यावर बसले. ज्या पोराला मी शब्द न् शब्द शिकवला, ज्याच्या ताटात माझ्या हातानं भाजी वाढली, तो? रुपरावला सांभाळून घ्या म्हणणारा तो? मला कोणाचा इतका संताप आयुष्यात आला नव्हता, आणि त्याहून जास्त धक्का बसला होता.

सरिताबाई उठल्या. "ताई, त्याचे कपडे कुठे असतील?"

तेवढं मला ठाऊक होतं. चितेचा शॉट अजून व्हायचा होता. तो होईपर्यंत कपडे धूत नाहीत, डाग होते तसेच्या तसे दिसावे लागतात. हैबतरावांचा अंगरखा कपडेपटाच्या पेटीत पाकानं माखलेला तसाच घडी करून ठेवला होता. डागच डाग. त्यात एखादा खरा असला तर कोणाला दिसणार होता? बाईंनी वाकून वास घेतला. छातीवरचा डाग गोडसर होता. उजव्या बाहीवरच्याला गोड वास नव्हता. तो त्यांनी नंतर तपासायला पाठवला, आणि तपासणीत ते अनंतचंच रक्त निघालं.

प्रीतम आधी हसला. कोण धोंडबा, म्हणाला. बाईंनी त्याला काही विचारलं नाही. आधी त्याचं हसू त्याला पडद्यावर दाखवलं, मग धोंडबाचं. मग त्याच्यासमोर अंगरख्याची ती बाही ठेवली. तसा तो बोलायला लागला, तो थांबेचना.

रुपराव खरं बोलत होता. अनंतनं खरंच त्याला सकाळी सांगितलं होतं, की तुमचं बरोबर आहे, सुभानजी फितूर नव्हता असं मी दाखवतो. पण मग दारूगोळा भिजवला कोणी? कोणी तरी तर हवाच. अनंतनं ठरवलं, हैबतरावांनी. ज्याच्या मरणावर अख्खा महाराष्ट्र रडेल तोच पुढच्या आठवड्यात फितूर निघेल. लोक वेडे होतील. हे त्यानं प्रीतमला जेवणाच्या सुटीत सांगितलं, एखादा विनोद सांगावा तसं.

"माझे पाय धरतात लोक," प्रीतम म्हणाला. "फितुराचे कोणी धरेल? तिकीट गेलं असतं, सगळं गेलं असतं. मी त्याला हात जोडायला गेलो होतो. पॅकअपनंतर तो सोनिकाला सांगणार होता. तो म्हणाला, अरे दादा, मालिका आहे, एवढं काय मनावर घेतोस."

पाना दाराशीच ठेवलेला होता.

पण नुसते हात जोडायला जाणारा माणूस आपल्या जागी दुसऱ्याला तिरडीवर झोपवून जात नाही, हे सरिताबाईंनी त्याला तोंडावर ऐकवलं.

५

सकाळी रुपरावला आणायला मी ठाण्यावर गेले तर बाहेर ही गर्दी. जवळपासच्या गावांतून माणसं आली होती, ट्रॅक्टर, मोटारसायकली, कोणाकोणाच्या हातात प्रीतमचे फोटो. प्रीतमला अटक झाली एवढं कळलं होतं, पुरावा काय ते कळलं नव्हतं. फितुराच्या वंशानं लेखक मारला आणि आमच्या राजांना अडकवलं, असं एक जण मला, माझ्याच तोंडावर, सांगत होता. मी कोण हे त्याला माहीत नव्हतं.

रुपराव बाहेर आला तशी घोषणा झाली. हैबतराव महाराज की जय. मागून एक चप्पल आली आणि रुपरावच्या खांद्याला लागून खाली पडली. तो मान खाली घालून उभा राहिला. सरिताबाई पायरीवर आल्या, पण गर्दी त्यांचंही ऐकेना.

तेव्हा जबाब देऊन धोंडबा बाहेर पडत होता. तो माझ्या भावाच्या पुढे येऊन उभा राहिला. सगळे त्याला ओळखत होते, लढाईत तोच तर प्रत्येक वेळी पहिला पडायचा.

"तिरडीवर मी होतो," धोंडबा म्हणाला. आवाज कापत होता, पण सर्वांना ऐकू गेला. "तुम्ही खांद्यावर नेलं ते मले नेलं. राजे नव्हते तिथं. राजे मोटरच्या खोलीत होते."

ज्यांनी खांदा दिला होता ते चौघं गर्दीतच होते. त्यांच्यातला एक आपल्या खांद्याकडे बघायला लागला. मग हळूहळू माणसं पांगू लागली. कोणी तरी रुपरावला पाणी आणून दिलं. सुटला माझा भाऊ, देवा, सुटला, एवढंच माझ्या डोक्यात घुमत होतं.

आम्ही निघणार तेवढ्यात एक म्हातारा काठी टेकत जवळ आला. भला माणूस, आमच्या वडिलांच्या ओळखीचा. त्यानं रुपरावच्या पाठीवरून हात फिरवला.

"तू खून नाही केला, बेटा, ते समजलं मले," तो मायेनं म्हणाला. "पण तुमच्या मूळपुरुषानं तो दारूगोळा भिजवला, ते तं खरं आहे ना गा?"

माझा हात चपलेकडे गेला. रुपरावनं तो धरला.

"नव्हता भिजवला, काका," तो म्हणाला. "टीव्हीत भिजवला."

म्हाताऱ्यानं मान डोलावली. "तेच तं म्हणतो," तो म्हणाला. "मी सोताच्या डोळ्यानं पाह्यलं ना."